रूथवहिनीचं बसणं

सुमे, आधी गॅसवरचं दूध उतरव, आणि मग ये, माझ्याजवळ बस. कागदातून जवळ कसं बसायचं म्हणशील. बसता येतं गं, एक डोळा घड्याळावर ठेवला नाही तर. गेल्या खेपेला आलीस ती चप्पल पायातच ठेवून. अर्धा चहा टाकून उठलीस. आणि आता चार ओळींची चिठ्ठी पाठवतेस, ‘मावशी, तुम्ही लोकांनी इतकी वर्षं एका माणसाबरोबर काढली तरी कशी?’ असलं काही चिठ्ठीत विचारतात का? समोर बसून विचारायचं, डाळ निवडता निवडता.

माझं सांगण्यासारखं काही नाही. तुझे काका रागावले की जेवत नसत, आणि मी रागावले की दुप्पट जेवायची. त्यात झाली पस्तीस वर्षं. पण माझ्या भिंतीपलीकडं एक जोडपं होतं, त्यांचं सांगते. रूथवहिनीचं. मी आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगायला बसले की अंगावर काटा येतो, आणि मग मी दुसरंच काहीतरी बोलायला लागते.

कर्जतच्या रेल्वेच्या चाळीत आमच्या दोन खोल्या नि त्यांच्या दोन. मधे भिंत कसली, विटांचा पडदा. हे शिंकले तर पलीकडून वहिनी म्हणायची, “देव बरं करो.” ती नगरकडची, ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. उंच, काळीसावळी, हाडापेरानं मोठी बाई. चालायची अशी की डोक्यावर भरली घागर आहे असं वाटावं. मी तिला कधी धावताना बघितली नाही, दूध उतू जात असतानासुद्धा. दार उघडं असलं, मी समोर दिसत असले, तरी उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारणार, “घरात आहात का?” मी म्हणायची, “नाही वहिनी, मी बाजारात गेलेय.” की हसायची. हसली की तिचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसायचा, आणि ती लगेच पदर तोंडाला लावायची.

पहिल्या संक्रांतीला मी तिला हळदीकुंकवाला बोलावलं. बायका कुजबुजल्या, ही कशी येईल? ती आली. पांढरं निळ्या काठाचं कडक इस्त्रीचं लुगडं. मी करंडा पुढं केला तर माझं बोट हलकेच धरून म्हणाली, “तारा, मला फूल दे. बोट नको लावू. वाण मात्र घेईन हं, ते सोडणार नाही.” आणि घेतलंन. त्या दिवसापासून आमचं जमलं.

तिचे यजमान शामुवेलभाऊ. बारीक, टोकदार मिशीचे, बोलायला कमी. आणि काय सांगू, बायकोला नावानं हाक मारायचे! “रूथ, चहा झाला का?” आमच्या चाळीत असला नवरा पहिलाच. आम्ही बायका नळावर एकमेकींना त्या आवाजात हाका मारून पोट दुखेपर्यंत हसायचो.

त्यांचं बसणं म्हणजे असं. संध्याकाळी, दिवे लावायच्या जरा आधी, दोघं बाकावर बसायची. भाऊंनी रुळांखालच्या जुन्या स्लीपरच्या लाकडाचा बाक केला होता. वहिनी शास्त्रातली एक ओळ वाचायची, त्यांच्या बायबलला ती शास्त्र म्हणे. आणि मग अर्धा तास दोघं गप्प. डोळे मिटून. भाऊ कामावर असले तर ती एकटी. शेजारच्या काकू म्हणायच्या, “रोज एवढं काय भांडतात गं ही, का अबोला धरतात?”

मी एकदा विचारलं, “वहिनी, बसून करता काय?”

“काही नाही.”

“मग देव काय म्हणतो?”

“तोही काही म्हणत नाही. तिघंही गप्प बसतो.”

आता भाऊंचं काम सांगते, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही. ते घाटात सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलणारे. लोणावळ्याहून मालगाडी घाट उतरते तेव्हा तिचा भारच तिला मागून ढकलत असतो. एकदा सुटली की तिला कोणी धरू शकत नाही. म्हणून मधेच एक फाटा काढून ठेवलाय, डोंगरावर चढत जाणारा, कुठंच न पोचणारा. सांधा कायम त्या फाट्याकडं वळवलेला. उतरणाऱ्या गाडीनं तिथं येऊन पुरतं थांबायचं. थांबली की सांधेवाला सांधा सरळ करून तिला खाली सोडणार. न थांबता आली तर ती आपसूक फाट्यावर जाते, चढणीला लागून तिचा जोर मरतो. सांधेवाल्यानं तेव्हा काहीही करायचं नाही. हात लावायचा नाही, एवढंच त्याचं काम.

या दोघांनी तेच घरात आणलं होतं. भाऊंचा आवाज चढला की वहिनी भाकरी थापता थापता म्हणायची, “गाडी थांबली नाही हो. फाट्यावर!” की भाऊ मुकाट मागच्या दारी शेवग्याखाली जाऊन उभे. तिचा चढला की भाऊ म्हणायचे, “रूथ, फाटा.” एकदा भर पावसात ती शेवग्याखाली भिजत उभी, हातात उलथनं. मी खिडकीतून ओरडले, “वहिनी, अहो आत जा!” तर म्हणते, “थांब गं, अजून जोर मेला नाही.”

एका सकाळी गाडी खरंच थांबली नाही.

साठ साल उलटून गेलं होतं, एवढंच आठवतं. ब्रेक का धरला नाही ते चौकशीवाल्यांनाही धड उमगलं नाही म्हणतात, मला कुठून उमगणार. खाली कर्जतला पॅसेंजर उभी होती. तिच्यात शाळेची पोरं, पाट्या घेतलेल्या भाजीवाल्या. भाऊंनी सांध्याला हात लावला नाही. गाडी फाट्यावर गेली, चढली, आणि शेवटाला जाऊन आदळली. ड्रायव्हर पाय मोडून जगला. त्याच्या शेजारी बसणारा असिस्टंट, खालापूरचा इब्राहीम, तो गेला. तिशीही नव्हती. भाऊंच्या ओळखीचा. गाडी थांबली की दोन शब्द बोलून पुढं जायचा, कधी घरची लिंबं टाकून जायचा.

वरून साहेबांचं शाबासकीचं पत्र आलं. तुमच्यामुळे किती जीव वाचले, असं त्यात. चाळीतल्या लोकांनी नारळ आणला, हारसुद्धा आणला. भाऊ बाकावर बसले होते, त्यांनी हाराकडं बघितलंच नाही.

आणि मग गं, त्या माणसानं कशालाच हात लावायचं सोडलं. खोटं सांगत नाही. पाण्याचा तांब्या वहिनीनं तोंडाशी धरायचा. सदऱ्याची बटणं तिनं लावायची. पोर एकच, करुणा, सात वर्षांची. ते कामावरून आले की तिच्या केसांतून हात फिरवायचे, ते बंद झालं. ती त्यांच्या मांडीशी येऊन डोकं पुढं करायची नि ते दोन्ही हात काखेत घालून बसायचे. पोर मग तशीच थोडा वेळ वाकून उभी राहायची. ते मी बघितलंय, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांची रजा मिळाली होती. ती संपल्यावर कामावर नाही गेले तर नोकरी जाणार, खोली जाणार. पण वहिनीला भीती दुसरीच होती. मला नळावर म्हणाली, “तारा, खोली गेली तर दुसरी बघू. हे दिवसेंदिवस लांब चाललेत. माझ्या समोर बसून लांब चाललेत.” रुळांकडची वाट दिसेल अशी जागा ती त्यांना बसायला देत नसे. मी समजले.

कल्याणकडून पाळक आले, त्यांचे धर्मगुरू. भला माणूस. म्हणाले, “शामुवेल, तुमच्यावर पाप नाही. तुम्ही कर्तव्य केलंत.” मी चहा घेऊन गेले होते, दारातच होते. वहिनी म्हणाली, “तेच अवघड झालंय, पाळकसाहेब. पाप असतं तर सोपं होतं. पापाला क्षमा आहे. याला काय आहे?” पाळकांच्या चहावर साय धरली. शेवटी त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मी प्रार्थना करीन.” वहिनी म्हणाली, “करा. आम्हीही करतोय.”

मग तिनंच ठरवलं, इब्राहीमच्या घरी जायचं. त्याच्या बायकोची इद्दत, म्हणजे नवऱ्यामागं घरात बसायचे चार महिने, संपेपर्यंत थांबली. मग आम्ही यष्टीनं खालापूरला गेलो. भाऊ, वहिनी, आणि करुणेला मांडीवर घेऊन मी. हलिमा अंगणात होती, सुपात नाचणी पाखडत. तेवीस-चोवीसची पोरगी. सासू ओट्यावर. वहिनीनं शास्त्रात ठेवलेलं ते शाबासकीचं पत्र काढलं आणि तिच्यापुढं धरलं. म्हणाली, “बाई, हे आमच्या घरी राहू शकत नाही. तुमच्या माणसाच्या जिवावर आलंय. तुम्ही फाडा, जाळा, आणि यांना माफ करा.”

हलिमानं सूप खाली ठेवलं. भाऊंकडं बघून म्हणाली, “माफ करू? तुमी केलंत काय ते सांगा आधी. चूक केलीत?”

भाऊंनी मान हलवली. नाही.

“मग चूक केली नाय तर माफी कशाची? आन् चूक केली नाय तर माज्या दारात आलात कशाला? मला सांगायला, की माजा माणूस बराबर मेला?”

सासू म्हणाली, “हलिमा, गप ऱ्हा गं, पावणी हायेत.” हलिमा आत गेली. पाणी मात्र तिनंच आणून दिलं, मोठ्या पितळी पेल्यातून. भाऊंसमोर पेला धरून उभी राहिली. ते हात काढीनात. शेवटी तिनं पेला जमिनीवर ठेवला आणि परत सुपाला लागली.

परतीची यष्टी यायला दोन तास होते. शिळफाट्याच्या अलीकडे रस्त्यावर एका चिंचेखाली बसलो. वहिनी म्हणाली, “माझं चुकलं गं. माझं ओझं उतरावं म्हणून मी त्या पोरीला न्यायाधीश करून बसवली. तिला आधीच काय कमी होतं.” भाऊंसमोरच म्हणाली. त्यांनी पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडं बघितलं.

त्या संध्याकाळपासून बसणं बदललं. बाकावर वहिनी एका टोकाला, भाऊ दुसऱ्या टोकाला, आणि मधे एका माणसाची जागा. शास्त्रातली ओळ झाली की ती बोलायची, आणि भिंतीतून मला शब्द नि शब्द यायचा. “प्रभू, शामुवेल इथं आहे. रूथ इथं आहे. इब्राहीम इथं आहे.” मग अर्धा तास चिडीचूप.

मी हातातली डाळ ठेवून देवापुढं जाऊन बसले, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. चाळीत बभ्रा झाला, ख्रिस्तीणीनं घरात भूत बसवलंय. तुझ्या काकांनी मला बजावलं, “त्यांच्याकडं जायचं नाय. पोरांना तर नायच.” आणि सुमे, मी ऐकलं त्यांचं. महिनाभर मी तिच्या दारात गेले नाही. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून “घरात आहात का?” म्हणायची, आणि मी आतून ओ दिली नाही. ते मला अजून टोचतं.

शेवटी मला राहवेना. गेले. म्हटलं, “वहिनी, भीती नाही वाटत?”

“वाटते की.”

“मग हाकला की त्याला! तुमच्या देवाला सांगा.”

“तारा, तो येतोच आहे. रात्री येऊन यांच्या उशाशी उभा राहतो, असं हे म्हणतात. उभा कशाला ठेवायचा? बसू दे. आणि त्याला हाकलला तर हेही त्याच्यामागून जातील. त्यापेक्षा दोघं माझ्या नजरेसमोर बरे.”

रजा संपली. पहिल्या दिवशी वहिनी भाऊंचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर घाटात गेली. सांध्यापासून लांब, करवंदीच्या जाळीशी एका धोंड्यावर बसली, तांदूळ निवडत. दुसऱ्या दिवशीही. महिनाभर. लाइनवरची माणसं चिडवायची, “भाऊ, घरच्यांनी पहारा बसवला का?” एक साहेब ट्रॉलीवरून आला, त्यानं विचारलं, “बाई, तुम्ही इथं काय करता?”

“तांदूळ निवडते, साहेब.”

“घरी नाही का निवडता येत?”

“घरी उजेड कमी आहे.”

साहेबानं तिच्याकडं बघितलं, भाऊंकडं बघितलं, आणि ट्रॉली पुढं नेली. कुठं कळवलं नाही त्यानं.

पहिल्या दिवशीचं तिनं मला सांगितलं. गाडी उतरून आली, नीट थांबली, शिट्टी दिली. भाऊ सांध्याशी उभे, हात काखेत. पुन्हा शिट्टी. ड्रायव्हर डोकावून ओरडायला लागला. “मी उठले नाही,” वहिनी म्हणाली. “हाक मारली नाही. देवालाही काही बोलले नाही. फक्त तांदूळ निवडायचं थांबवलं, आणि श्वास घेत राहिले, एक एक. मला वाटलं, मी श्वास घ्यायची राहिले तर हेही राहतील.” मग भाऊंनी काखेतला हात काढला आणि दांडा धरला.

नोकरी टिकली. पण माणूस परत आला म्हणू नकोस. काम करायचे, जेवायचे, बाकावर बसायचे. हसणं नाही. ती ‘फाटा’ची गंमत तर त्या घरात पुन्हा कोणी उच्चारली नाही, भांडण आलं तर दोघं तसंच गिळायची. करुणेला हात नाहीच. अशी चार वर्षं गेली. चार वर्षं ती रोज तीन नावं घ्यायची. त्याच्यावर मी दिवे लावायला शिकले, म्हणजे तिसरं नाव झालं की मी काडी ओढायची.

एका रविवारी तिसरं नाव झालं आणि नेहमीची शांतता व्हायच्या ऐवजी भाऊंचा आवाज आला. गंजल्यासारखा.

“त्यानं हात केला होता, रूथ.”

भाऊच पुढं बोलले.

“खिडकीतून. माझ्याकडं बघून. सांधा फिरव म्हणाला, का फिरवू नको म्हणाला, मला कळलं नाही. तेव्हाही नाही, आतापर्यंत नाही.”

भिंतीच्या अलीकडे माझ्या हातात काडी तशीच. मी मनात म्हणत होते, सांग वहिनी, सांग, ‘फिरवू नकोच म्हणाला असेल हो.’ कोणीही तेच म्हटलं असतं. पाळकांनी म्हटलं असतं, मी म्हटलं असतं. माणूस बुडताना त्याच्याकडं फळी टाकतो आपण, ती खरी आहे का पोकळ ते बघत नाही.

वहिनी म्हणाली, “कसा केला? दाखवा.”

बाक करकरला.

“पुन्हा दाखवा.”

पुन्हा करकरला.

“नाही हो,” ती म्हणाली. “मलाही नाही कळत.”

आणि मग भाऊ रडले. चार वर्षांचं रडले. असा आवाज मी ना आधी ऐकला ना नंतर. तुझे काका बाहेरून आले, म्हणाले, “काय झालं?” मी तोंडावर बोट ठेवलं, आणि तेही माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसले. त्या संध्याकाळी आमच्याकडं दिवा लागलाच नाही.

सकाळी करुणा शाळेला निघाली तर तिची एक वेणी वर, एक खाली, रिबिनीला तीन गाठी. अकरा वर्षांची घोडी झाली होती, स्वतःची वेणी स्वतः घालणारी. मी म्हटलं, “अगं ये, नीट घालून देते.” तर डोक्यावर दोन्ही हात धरून पळाली. “नको मावशी! बाबांनी घातलीय!”

मी तुला असं सांगणार नाही की मग सगळं बरं झालं. भाऊ हसायला लागले, पण हसता हसता मधेच थांबायचे, कोणी खांद्यावर हात ठेवल्यासारखे. बाकावरची मधली जागा तशीच राहिली. ईदेला वहिनी दरवर्षी खालापूरला जायची. पहिली तीन वर्षं हलिमानं दार उघडलं नाही. चौथ्या वर्षी उघडलं. आत काय बोलणं झालं ते वहिनीनं मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हलिमानं पुढं दुसरा संसार केला असं कळलं, तेव्हा वहिनीनं घरी केक केला, आणि कोणाचा वाढदिवस म्हणून विचारलं तर कोणाला सांगितलं नाही.

भाऊ रिटायर झाले ते ऐंशी सालानंतर. खोली सोडून नगरकडं करुणेच्या गावाजवळ राहायला जायचं ठरलं. त्या दिवशी मी डब्यात पोळ्या बांधून गेले. सामान टेंपोत चढलं होतं. वहिनी रिकाम्या खोल्या झाडत होती. म्हटलं, “अहो, आता कशाला?” म्हणे, “पुढचा माणूस येईल त्याला आमची धूळ कशाला.” मग केरसुणी ठेवली, आणि दोघं मोकळ्या जमिनीवर बसली. मी निघाले तर तिनं माझा पदर ओढला. “बस तारा. इतकी वर्षं पलीकडून बसलीस, आज इकडून बस.” तिला सगळं ठाऊक होतं गं.

मी बसले. डोळे मिटले. आता ती तीन नावं घेणार म्हणून वाट बघितली. पण आवाज आला तो भाऊंचा. ते नाव मी त्यांच्या तोंडून वीस वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं.

“इब्राहीम,” ते म्हणाले. अगदी सहज, ओट्यावरच्या माणसाला सांगावं तसं. “आम्ही निघालो. लांब आहे, घाट चढून जायचंय. तुला यायचं असेल तर चल. राहायचं असेल तर राहा. आमचं काही म्हणणं नाही.”

मी डोळे उघडले. वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही.

मग भाऊ उठून बाहेर गेले. मागून मी. वहिनी शेवटी. ती बाहेर आली, दाराशी वळली, आणि दार हातात धरून उभी राहिली. आत रिकामी खोली, भिंतीवर बाकाची घासलेली खूण. टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. “वहिनी, चला की!” तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एक माणूस चपला घालून सावकाश बाहेर पडायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढा वेळ थांबली. एकदा थोडी बाजूलाही सरकली. मग दार लावलं.

तेच तिचं शेवटचं दिसणं. पुढं दोन नाताळांची कार्डं आली, मग थांबली. तू विचारलंस कशी काढली. तिनं अशी काढली. आम्ही बाकीच्यांनी तिच्या भिंतीला टेकून.

आता पुरे, डोळे दुखायला लागले. सुमे, ये गं लौकर. आणि एकटी नको, तुझ्या नवऱ्यालाही आण, भांडला असलात तरी आण, वाटेत बोलू नका हवं तर. चप्पल काढून, दोन दिवसांचे कपडे घेऊन या. मी वालाचं बिरडं करीन. फार लांबवू नकोस, माझे गुडघे आता दारापर्यंत यायला कुरकुरतात, आणि तुमच्यासाठी दार मला स्वतः उघडायचंय.